संवादातले हुकूम, विनंत्या आणि मानपान: कथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा, एकांकिका, मालिका लिहिणारे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांतले संवाद इथल्यापुरते रचलेले आहेत. आपल्या पात्रांचं घर, गाव आणि काळ वेगळा असेल, तर उत्तरही बदलेल.

पात्र सभ्य दाखवायचं आहे. संवादात 'कृपया' किती वेळा घालू?

आधी शून्य वेळा घालून बघा. 'कृपया' पाटीवर असतं, अर्जात असतं, फलाटावरच्या घोषणेत असतं. जेवताना शेजारच्याला कोणी 'कृपया मीठ दे' म्हणत नाही. 'मीठ सरकव रे जरा' म्हणतो आणि त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही. शहरी पात्राच्या तोंडी 'प्लीज' चालेल, कारण माणसं ते खरंच म्हणतात. पण तेही बहुतेक वेळा लाडात किंवा गयावया करताना: 'प्लीज ना दादा, एकदाच!'

बोलण्यात 'कृपया' आलंच, तर तो बहुधा टोमणा असतो. 'आता कृपया जेवायला बसता का?' असं बायको म्हणाली, की ही तिसरी हाक आहे हे वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

'धन्यवाद'चंही तसंच. दुकानदाराला 'थँक्यू' म्हणणारा माणूस बहिणीला तसं म्हणेलच असं नाही. 'आभार' तर समारंभाच्या शेवटी, लोक खुर्च्या सरकवायला लागल्यावर मानतात. घरात कृतज्ञता निघते ती 'बरं झालं बाई आलीस' अशी.

मग विनंती दाखवायची कशाने?

क्रियापदाच्या शेपटाने आणि हाकेने. मराठीत नम्रता वरून शिंपडायची नसते, ती क्रियापदातच मुरलेली असते. एका चहाचं बघा:

'चहा टाक.'
'चहा टाक की.'
'चहा टाकतेस का जरा?'
'चहा मिळेल का?'
'झाला का चहा?'
'चार वाजले वाटतं.'

पहिलं वाक्य मैत्रीण मैत्रिणीच्या घरी म्हणू शकते आणि तापट नवराही म्हणू शकतो. फरक पडतो तो आधीच्या हाकेने. 'ए, चहा टाक गं' यातला 'गं' काढून बघा. चौथं वाक्य पाहुण्याचं, किंवा रात्री भांडण झालेल्या नवऱ्याचं. शेवटच्या वाक्यात चहाचं नावसुद्धा नाही, तरी ज्या घरात ते वाक्य पुरतं, त्या घरात सगळ्यांत मोठा अधिकार त्या बोलणाऱ्याचाच. मागावंही न लागणं ही सत्तेची वरची पायरी आहे.

बारीक शब्दही हाताशी ठेवा. 'जरा' काम लहान करून दाखवतो. 'की' आग्रह करतो, पण हसत. 'ना' मनधरणी करतो. 'बघू' मोठ्याने लहानाला म्हणायचं असतं: 'आ कर बघू', 'ऊठ बघू'. डॉक्टर सत्तर वर्षांच्या आजोबांना 'आ करा बघू' म्हणतात, तेव्हा आजोबा क्षणभर सहा वर्षांचे होतात. शिक्षकांचं 'चला, आता वह्या काढूया' हेही मजेदार आहे. रूप सगळ्यांना धरून केलेल्या सूचनेचं, पण शिक्षक स्वतः वही काढत नाहीत.

'करून टाक', 'करून दे', 'करून घे' यांनी खरंच एवढा फरक पडतो?

माझ्या मते मराठी संवादाचं सगळ्यांत धारदार हत्यार तेच आहे आणि नवे लेखक त्याच्याकडे फारसं बघत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी घरांत घडलेला प्रसंग घ्या. वडील गेले, जमिनीवर बहिणीचंही नाव लागलं आणि भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला.

'ताई, इथं सही कर.'

हे रोखठोक. ताई 'का?' असं विचारू शकते.

'ताई, तेवढी सही करून देशील ना?'

यात 'दे' आला. सही आता भावासाठीचं देणं झाली. नाही म्हणणारी ताई कंजूष ठरणार.

'ताई, ती सही करून टाक ना एकदाची.'

'टाक' आला की विचार करायला जागा उरत नाही. काम क्षुल्लक, उरकून मोकळं व्हायचं. सात-बाऱ्यावरचा हिस्सा भाजीच्या पिशवीइतका हलका झाला.

'ताई, तुझा विचार करून घे. सावकाश.'

'घे' तिच्या बाजूने बोलतो. असं म्हणणारा भाऊ एक तर भला आहे किंवा फार हुशार.

आणि मग हे:

'तुला वाटलं तर कर ताई. माझी काही जबरदस्ती नाही.'

रूप पाहिलं तर सगळ्यांत मोकळीक देणारं वाक्य, आणि घरात सगळ्यांत जास्त चालणारंही हेच. पुढे 'भाऊबीजेला येशीलच' एवढंच जोडलं, तर धमकी पुरी होते. विनंतीचं रूप आणि तिच्यामागचं बळ एकाच दिशेने जातील असं धरून लिहू नका. दोन्ही उलट गेली की प्रसंगात जीव येतो.

तू, तुम्ही, आपण: कोणी कोणाला काय म्हणावं?

याचं एकच कोष्टक नाही, आणि कोष्टक करणाऱ्याच्या डोक्यात बहुधा त्याचं स्वतःचंच घर असतं. पुष्कळ शहरी मध्यमवर्गीय घरांत आईला 'अगं आई, तू', तर बाबांना 'अहो बाबा, तुम्ही' असं चालत आलं. आता त्याच घरांतली मुलं बाबांना 'अरे बाबा' म्हणतात. आजीला 'अगं', आजोबांना 'अहो' हे मात्र अजून टिकून आहे. खेड्यांतल्या अनेक घरांत बापाला सरळ 'तू' म्हणतात, आणि तिथे त्यात अनादर नसतो. शेतकरी पात्राच्या तोंडी बापाला उगाच 'तुम्ही' घालून त्याला 'संस्कारी' करणं हा लेखकाचा आगाऊपणा आहे.

दोन आया समोर असल्या की मराठी फार उपयोगी पडते. 'अगं आई, बस तू' म्हणणारी लेक, 'अहो आई, बसा तुम्ही' म्हणणारी सून. नातं सांगणारं एकही वाक्य न लिहिता स्वयंपाकघरात कोण कोण आहे ते कळलं. पुढे सून एखाद्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर वगैरे, चुकून 'अगं आई' म्हणून गेली, तर त्या प्रकरणात बाकी काही घडायची गरज नाही.

नवरा-बायकोंचं सांगायचं तर 'अहो' आणि 'अगं' ही जोडी तुम्हाला काळ सांगते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ब्राह्मणी घरांतल्या कादंबऱ्यांत बायको नवऱ्याचं नाव तर सोडाच, 'तुम्ही'सुद्धा टाळते: 'इकडून कधी येणं झालं?' कर्ताच गायब. आजच्या पुण्यातल्या जोडप्याने एकमेकांना 'तू' म्हणावं हेच स्वाभाविक, पण सासरच्या मंडळींसमोर तीच मुलगी 'अहो'वर येते का, हे आधी ठरवून ठेवा.

'आपण' जपून वापरा. 'आपण बसावं' हा सभेतला किंवा लग्नाच्या बैठकीतला मान, 'आपण निघूया' यातला 'आपण' सगळ्यांना धरून, आणि 'आपल्याला नाय जमणार, साहेब' यातला मुंबईकर 'आपण' म्हणजे एकटा मी. तिन्ही एकाच पात्राच्या तोंडी आले तर वाचक गोंधळेल, किंवा ते पात्र राजकारणात आहे असं समजेल.

आज्ञेच्या रूपावरून नातं कळतं, मग काही संवादांत ते का कळत नाही?

कारण 'जा', 'खा', 'गा' ही क्रियापदं दगा देतात. 'कर' आणि 'करा', 'ये' आणि 'या' वेगळे दिसतात. पण 'तू जा' आणि 'तुम्ही जा' यांतलं क्रियापद एकच. 'खा' एवढाच संवाद लिहिलात, तर समोर पोर आहे की पाहुणे, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. तिथे हाक घाला, किंवा नकारावर जा: 'जाऊ नकोस', 'जाऊ नका'. कोल्हापूर-सोलापूरकडच्या बोलीत हा घोळ नाही. तिथे मानाने सांगायचं तर 'जेवून जावा', 'खावा' असं म्हणतात. मालवणीतही 'येवा' आहे. 'येवा, कोकण आपलोच आसा' हे तर कोकणात न गेलेल्यांनाही पाठ असतं.

हुकूम आणि आमंत्रण यांचं रूप एकच असू शकतं का?

हो. 'रात्री दहाच्या आत घरी यायचं' हा बापाचा नियम आणि 'सोमवारी पूजेला यायचं हं!' हे आमंत्रण. दोन्हींत ऐकणाऱ्याला विचारलेलं नाही, पण दुसऱ्यात 'हं' आहे आणि आग्रहात आपुलकी धरलेली आहे. याच रूपाचा तिसरा उपयोग उलट्या काळात होतो: 'मग आधी सांगायचं ना!' वेळ टळून गेल्यावर दिलेली आज्ञा. ती पाळता येत नाही, म्हणूनच भांडणात फार कामी येते.

पात्र मध्येच 'तुम्ही'वरून 'तू'वर आलं तर चूक दिसेल का?

नकळत झालं तर चूक, कळून केलं तर प्रसंग. आपल्याकडे यासाठी शब्दच आहेत: अहोजाहो करणं, अरेतुरे करणं, एकेरीवर येणं. 'तो एकेरीवर आला' म्हटलं की भांडण कुठवर गेलं ते कळतं. उलटा प्रवासही असतो. रोज 'तू' म्हणणारा मित्र 'या, बसा, तुम्ही मोठी माणसं' म्हणाला, की मैत्रीला तडा गेलेला असतो.

'ए, गाडी बाजूला घे. लायसन काढ.'
'सर, आत्ताच मी...'
'सरबिर काय नाय. काढ.'
हवालदारानं लायसनवरचं आडनाव वाचलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं. 'आमदारसाहेबांचे कोण तुम्ही?'
'पुतण्या.'
'मग आधी सांगायचं ना. या, सावलीत या.'

हवालदार चपापला, वरमला, असं काही लिहायची इथे गरज नाही. 'काढ' ते 'या' एवढ्या अंतरात ते झालं.

जुन्या गावातली गोष्ट आहे. जातीचा आणि बोलण्याचा संबंध दाखवावा की टाळावा?

टाळलात तर गोष्ट खोटी होईल. पाटलाच्या पोरानं म्हाताऱ्या महाराला अरेतुरे करावं आणि त्या म्हाताऱ्यानं पोराला 'जोहार, मायबाप' म्हणावं, ही रीत होती. दलित आत्मकथनांत असे प्रसंग जागोजाग येतात. वय, ज्ञान, कष्ट कशानेही तो 'तू' बदलत नसे. त्यामुळे 'जय भीम' हे अभिवादन तुमच्या पात्राच्या तोंडी आलं, तर तो नुसता नमस्कार राहत नाही. समोरच्याने त्याला काय उत्तर दिलं, की उत्तरच दिलं नाही, याकडे लक्ष द्या.

आजच्या फ्लॅटमधली रीत वेगळी दिसते, पण तीही न्याहाळण्यासारखी आहे. कामाला येणाऱ्या बाई 'मावशी', रिक्षावाले 'काका' किंवा 'दादा', शाळेतले शिपाई 'मामा'. नात्याची हाक आणि सोबत 'तुम्ही', हा मान खरा असतो. पण 'मावशी, तुम्ही तर घरच्यासारख्या' हे वाक्य बहुधा पगारवाढीची मागणी आल्यावरच निघतं. लेखकाने ते तिथेच ठेवावं.

ऐतिहासिक कादंबरीत सगळ्यांनी 'आज्ञा असावी महाराज' म्हणायचं का?

एवढं नको. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या पत्रांत हाताखालच्याला हुकूम 'करणे', 'पाठवणे', 'निघोन येणे' असा सुटतो. बरोबरीच्याला आणि वडीलधाऱ्याला 'करावे' आणि शेवटी 'लोभ असावा, हे विनंती'. चढउतार दाखवायला हे सोनं आहे. पण ती कागदावरची भाषा. लिहिणारा कारकून तयार, मायने ठरलेले. स्वार घोड्यावरून उतरताना तसं बोलत असेल असं नाही. माझा सल्ला असा: पत्र आलं की पत्राची भाषा पूर्ण थाटात वापरा आणि तोंडी संवाद साधे ठेवा. दोन्हीकडे थाट केला तर पत्राचा दबदबा जातो.

आणि देवाशी बोलताना?

दोन टोकं आहेत आणि दोन्ही संतांनीच घालून दिली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी (शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०) ज्ञानदेव पसायदान मागतात ते 'तोषावें', 'द्यावें' असं. शाळेच्या व्याकरणाच्या भाषेत विध्यर्थ, आज्ञार्थ नव्हे. आणि जनाबाई विठ्ठलाला 'अरे विठ्या' म्हणून फैलावर घेते. तुमची म्हातारी देव्हाऱ्यासमोर कोणत्या टोकाला उभी आहे, ते ठरवा. रोज 'देवा, सांभाळा' म्हणणारी बाई मुलाच्या आजारपणात 'काय रे, झोपलास का?' म्हणाली तर चालेल. बहुतेक देवांना एकेरीची सवय असते.

पात्राला नकार द्यायचा आहे. 'नाही' म्हटलं की संवादच संपतो.

मग 'नाही' म्हणू देऊ नका. आपण नकार देतो तो असा: 'बघू', 'सांगते तुला', 'करू की, त्यात काय', 'ह्यांना विचारते'. 'करू की' हा होकार आहे की नकार, हे फक्त माणूस ओळखीचा असेल तरच कळतं, आणि तुमच्या वाचकाची एव्हाना पात्राशी तेवढी ओळख झालेली असायला हवी. वरच्या ताईने हक्कसोडपत्र हातात घेऊन 'चष्मा घरी राहिला रे' म्हटलं, तर भावाला उत्तर मिळालं. तो दुसऱ्या दिवशी चष्मा घेऊन आला, तर पुढचा प्रसंगही मिळाला.

पाहुणचारात नकार हा रिवाज असतो. 'चहा?' 'नको नको, आत्ताच झाला.' 'घोटभर घ्या हो.' 'बरं, अर्धा कप.' अर्धा म्हणजे भरून येणार हे दोघांनाही माहीत असतं. पहिल्याच विचारण्याला 'हो, घेईन' म्हणणारा पाहुणा एक तर फार जवळचा, नाहीतर फार दमलेला. आणि 'नको'वर लगेच 'बरं' म्हणणारी यजमानीण पुढे काय करील, याचा वाचक अंदाज बांधू लागतो.

सासू सुनेला थेट काही बोलत नाही, पण धाक दाखवायचा आहे. कसा?

'लेकी बोले सुने लागे' ही म्हण म्हणजे संवादलेखनाचा धडाच आहे. सासूने सुनेकडे न बघता लेकीला म्हणावं, 'उद्या सासरी गेलीस की सहाला उठायची सवय ठेव हो.' सून भांडी विसळते आहे. आज्ञा पोचली. अबोला धरलेलं जोडपं मुलाला मध्ये घालतं: 'बाबांना सांग, पान वाढलंय.' बाबा दोन हातांवर बसलेले असतात. असा संवाद लिहिताना ज्याच्यासाठी वाक्य आहे, त्याला काहीतरी हातातलं काम द्या. त्याची प्रतिक्रिया त्या कामातून दिसेल.

बोली लिहिताना या सगळ्याचं काय होतं?

रूपं बदलतात, आणि प्रमाण मराठी कानाला जे उद्धट वाटतं ते तिथे मायेचं असू शकतं. मालवणी म्हातारी 'बस रे मेल्या, जेव' म्हणते तेव्हा ताटात माशाची मोठी तुकडी पडलेली असते. नागपूरकडे 'बसा ना जी' यातला 'जी' मान देतो आणि दोस्तांत 'बे' धावतो. 'बे' काकांपुढे निसटला तर तो प्रसंग होतो. कोल्हापूरकडच्या बाईने निरोप घेताना 'येतो मी' म्हटलं, तर मुद्रितशोधकाला तो 'येते' करू देऊ नका. तिकडे बायका तसंच बोलतात. आपल्या कानावर नसलेली बोली मात्र दोन-चार शब्द पेरून उभी राहत नाही. तिथे साध्या मराठीत लिहिलेलं बरं.

अनुवाद करताना 'तू मला मदत करू शकतोस का?' असं वाक्य आलं. ठेवू का?

हे डब केलेल्या मालिकांचं मराठी. आपल्याकडे 'शकतोस का' विचारलं की खरोखर ताकदीबद्दलच विचारल्यासारखं वाटतं. कपाट सरकवायचं असेल तर 'हात लाव रे जरा', पैसे हवे असतील तर 'माझं एक काम होतं तुझ्याकडे'. दुसऱ्या वाक्यातला भूतकाळ बघा. काम आत्ता आहे, तरी 'होतं' म्हटल्याने समोरच्याला सटकायला वाट मिळते. अनुवादात मूळ पात्राने किती वाट ठेवली होती, ते आधी मोजा आणि मग तेवढी वाट देणारं मराठी वाक्य शोधा.

संवादानंतर 'त्याने फर्मावलं', 'तिने विनवलं' लिहावं का?

वाक्यातून कळत असेल तर नको. 'चालता हो' च्या पुढे 'तो कडाडला' लिहिलं, की तेच दोनदा सांगितलं जातं. उलट जात असेल तरच लिहा: '"चालता हो," ती हळूच म्हणाली.' उद्गारचिन्हंही तशीच आवरा. हलक्या आवाजातला हुकूम पूर्णविरामावर जास्त जड पडतो.

पात्रं मोबाइलवर मेसेज करत असतील तर?

तिथे आवाज नाही, त्यामुळे 'रे', 'गं', 'हं' यांची किंमत वाढते. 'कळव' आणि 'कळव हं' यांत तोंडी बोलण्यात थोडासाच फरक असतो. पडद्यावर पहिला नुसता कोरडा दिसतो आणि मुलगी आईला विचारते, 'चिडलीस का?' साहेबांचा 'भेटा' असा एक शब्दी मेसेज रविवारी रात्री आला, तर कर्मचारी तो चार जणांना दाखवून अर्थ विचारतो. आणि घरच्या ग्रुपवर लांबलचक मागणीला आलेला नुसता अंगठा हा होकार आहे की 'वाचलं, आता पुरे', हे ज्या पात्राला कळत नाही, त्याला पुढचा मेसेज टाइप करताना, खोडताना आणि पुन्हा टाइप करताना दाखवा.